एसीच्या पाण्यावरची झाडं

बाई, गेल्या महिन्यात माझ्या ऑफिसात एक गृहस्थ येऊन बसले होते, आणि ते उठून जाईपर्यंत मला सारखी तुमची आठवण येत होती. प्रेमाने येते तशी ती आठवण नव्हती. वर्गात शिक्षा व्हायच्या आधी आपण मागच्या बाकाकडे वळून बघतो, कुणी आपल्या बाजूचं आहे का म्हणून, तशी होती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मिरजेच्या कॉलेजात आता तुम्हाला ओळखणारं कुणी उरलं नसेल. मी दुबईत आहे हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी सांगलीला होते, इकडे आले ती त्यानंतर. इथल्या एका विद्यापीठात केमिस्ट्रीची लॅब माझ्याकडे असते. प्रॅक्टिकल घेते, रसायनं मागवते, मुलांना गॉगल घाला म्हणून ओरडते. काम तेच आहे, तुम्ही शिकवलेलं. फक्त खिडकीबाहेर वाळू आहे, आणि पोरं मला ‘मॅम’ म्हणतात.

आमच्या इमारतीमागे, इमारत थंड ठेवणाऱ्या चिलर-यंत्राच्या भिंतीला लागून, एक अरुंद जागा आहे. वरच्या सगळ्या मजल्यांच्या एसीचं पाणी नळ्यांमधून तिथे खाली येतं. पूर्वी ते काँक्रीटवर नुसतं वाहून जायचं. मला ते बघवेना. मी आधी बादल्या ठेवल्या, मग कुंड्या आणल्या, मग रीतसर परवानगी काढून विद्यार्थ्यांचा बागकामाचा क्लब सुरू केला. वर हिरवी जाळी बांधून घेतली. हिवाळ्याच्या महिन्यांत इथे काहीही उगवतं, कढीपत्ता, पुदिना, मिरच्या, अगदी अळूसुद्धा. पहिल्या वर्षी दोघं-तिघं आली. दुसऱ्या वर्षी बरीच जमायला लागली. एवढ्या मुलांना एकदम झाडांची आवड कशी लागली याचं मला कौतुक वाटायचं. पुदिना कुठला आणि तण कुठलं हे न कळणारी पोरं दुपारभर तिथे बसून असायची.

मग हळूहळू ध्यानात आलं. एका मुलाला त्याचे रूममेट त्याच्या चालण्यावरून छळायचे, तो जेवणाचा डबा घेऊन कुंड्यांपाशी यायचा. एक मुलगी एके दिवशी केस अगदी बारीक कापून आली, तर बाकीच्यांनी एक शब्द न बोलता एकेकाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आणखी एक जण घरून फोन आला की जाड, दणकट आवाजात बोलायचा, आणि फोन ठेवला की त्याचे खांदे खाली यायचे. मी त्यांना काही विचारलं नाही. त्यांनी काही सांगितलं नाही. फक्त एक मुलगी होती, मूळची रत्नागिरीकडची, आपल्या कोकणी मुसलमान घरातली. वडिलांचं अबू धाबीजवळ मुसफ्फाला लोखंडाच्या फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. ती माझ्याशी अर्धं मराठी बोलायची. “मॅम, तुमचं मराठी टीव्हीवरच्या बातम्यांसारखं आहे,” म्हणून हसायची आणि पुढचं सगळं इंग्रजीत. एका दुपारी आम्ही दोघीच मिरचीची रोपं वेगळी करत होतो. ती मान वर न करता म्हणाली, “मॅम, यू नो ना, आम्ही सगळे इथे का येतो?”

मी म्हटलं, “मिरच्यांसाठी.”

“येस मॅम,” ती म्हणाली. “मिरच्यांसाठी.” आणि हसायला लागली. हसता हसता मातीच्या हातांनीच तिने डोळे पुसले, आणि मला तिला नळापाशी न्यावं लागलं.

त्या दिवसापासून मी नियम घातले. इथे फोटो काढायचे नाहीत. फोनवरच्या ग्रुपवर पाणी आणि खत यापलीकडे एक अक्षर लिहायचं नाही. इथे भेटलेल्या माणसाबद्दल बाहेर बोलायचं नाही. शिस्त म्हणून सांगतेय असं मी दाखवलं आणि त्यांनी तसं मानल्याचं दाखवलं. दुसऱ्या देशांतल्या विद्यापीठांत अशा मुलांसाठी खोल्या असतात, सल्लागार असतात, दारावर पाटी असते असं ती मला सांगायची. इथे पाटी लागणार नाही. इथला कायदा इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एक तक्रार गेली की आधी चौकशी, मग व्हिसा खलास, मग विमान. म्हणून आमच्याकडे कुंड्या होत्या. परीक्षेच्या दिवसांत कुणाचं जेवण सुटलं तर कुणीतरी त्याच्या शेजारी डबा उघडून बसायचं. तोंडी परीक्षेच्या आधी एका मुलीचा श्वास अडकायला लागला, तर दोघांनी तिला धरून त्या अरुंद जागेत येरझाऱ्या घालायला लावल्या आणि तिच्याकडून प्रत्येक झाडाचं नाव वदवून घेतलं. एवढंच. याहून जास्त तिथे काही झालं नाही, बाई. पण याच्यासाठीही माणसाला घरी पाठवता येतं.

आणि मीही त्यांच्यातलीच. तुम्हाला ते ठाऊक होतं असं मला वाटतं. माझ्याबरोबर एक केरळची बाई राहते. उत्तरेकडच्या उम्म अल कुवैन अमिरातीत, इंडस्ट्रियल भागातल्या एका कंपनीत हिशेब बघते, रोज लांबून ये-जा करते. दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागात आमचा फ्लॅट आहे. दोन बायका मिळून राहतात यात इथे कुणाला वावगं वाटत नाही, भाडी एवढी आहेत की सगळेच कुणा ना कुणाबरोबर राहतात. दोन खोल्या आहेत, दोन पलंग आहेत. दुसऱ्या पलंगाची चादर रोज सकाळी आमच्यापैकी एक जण मुद्दाम चुरगाळते आणि पुन्हा नीट करते, म्हणजे तिच्यावर वापराच्या सुरकुत्या पडतात. अचानक कुणी आलं, घर दुरुस्तीवाला आला, तिचा चुलतभाऊ आला, तर कोरी चादर दिसू नये. आम्ही हे इतकी वर्षं करतोय की त्यात भीती आहे हेही मी विसरले होते. दात घासावेत तसं ते झालं होतं.

तुमच्या स्वयंपाकघरात असं काही होतं का, हे मी तेव्हा बघितलं नाही. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला फक्त माझंच दुःख दिसत होतं. हॉस्टेलमधली माझी मैत्रीण लग्न ठरून निघून गेली होती आणि मी जेवणं सोडलं होतं. तुम्ही प्रॅक्टिकलनंतर मला थांबवलंत आणि म्हणालात, “चल घरी. वाल सोलायचे आहेत, मला एकटीला उरकत नाहीत.” ओट्याखाली पाटावर बसून मी वाल सोलते आहे, तुम्ही पोळ्या लाटताय, आणि तुमच्याबरोबर राहणाऱ्या सिस्टर हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून येतात. पांढरी साडी, दमलेला चेहरा. त्या दारातच चपला काढतात आणि माझ्याकडे बघून तुम्हाला विचारतात, “ही का रडतेय?” तुम्ही म्हणता, “कुठे रडतेय? कांदा चिरलाय मघाशी.” कांदा चिरलेलाच नव्हता. सिस्टर आत गेल्या, हात-पाय धुऊन आल्या, आणि एक कांदा घेऊन माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, “मग आता चिर.” त्या दिवशी मी पोटभर जेवले. तुम्ही दोघींनी मला एकही प्रश्न विचारला नाहीत.

प्रश्न विचारला तो मीच. पुढच्या टर्मला, स्टाफरूमच्या बाहेर, धीटपणे, जरा मोठ्यानेच. “बाई, तुम्ही लग्न का नाही केलंत?” तुमचा चेहरा पांढरा पडला. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, “हे विचारायचं नसतं. मला नाही, आणि दुसऱ्या कुणालाही नाही. समजलं?” नंतर कितीतरी दिवस तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोललात. मला वाटलं तुम्ही रागावलात. मग एकदा सकाळी मी तुमच्या गल्लीतून येत होते तर तुम्ही घराच्या भिंतीपुढे पदर खोचून उभ्या होतात आणि खराट्याने काहीतरी घासत होतात. कोळशाने लिहिलेलं होतं. तुमचं आणि सिस्टरांचं नाव आणि मध्ये एक घाणेरडा शब्द. मी बादली धरली.  भिंत ओली झाली तेव्हा तुम्ही म्हणालात, “चल, तास चुकेल,” आणि त्या दिवशी वर्गात तुम्हाला काडी पेटवता येईना. तीन काड्या फुकट गेल्या. बर्नर शेवटी मी पेटवला. तुमच्यासारख्या माणसाला भीती वाटू शकते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि त्याने मी धीट व्हायच्या ऐवजी आणखीच घाबरले.

नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला लॅबचा पांढरा कोट दिलात, सिस्टरांनी मशीनवर शिवलेला, जाड सुती. इथल्या पहिल्या काही वर्षांत मी तोच वापरला. बाह्या फाटल्या तेव्हा इथल्या शिंप्याकडून दोनदा पट्ट्या लावून घेतल्या. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “मॅडम, नया ले लो,” आणि मी नवा घेतला.

तर ते गृहस्थ. रविवारची दुपार होती. मी कुकर लावला होता आणि फोनवर त्या रत्नागिरीच्या मुलीचा मेसेज आला. ती सुट्टीला मुसफ्फाच्या घरी गेली होती. “मॅम, अब्बांना कळलं. ते तुम्हाला भेटायला येणार आहेत. आय ॲम सो सॉरी.” मी फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या आणि मला त्या ऐकू येत नव्हत्या. माझी केरळची मैत्रीण येऊन गॅस बंद करून गेली.  नंतर कळलं ते असं, की नियम मोडून एकाने कुंड्यांपाशी एक फोटो काढला होता. ही आणि तिची मैत्रीण, एकमेकींचे हात धरलेले, एकीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर. तो फोटो हिच्या फोनमध्ये होता आणि हिच्या चुलतभावाने बघितला. तो तिच्या अब्बांच्याच वर्कशॉपमध्ये कामाला. त्याने तो स्वतःच्या फोनवर घेतला आणि वर्कशॉपमधल्या लोकांना दाखवला.

मी माझ्या मैत्रिणीला म्हटलं, “तू कुछ दिन भाई के घर जा.” आम्ही आपसांत हिंदीच बोलतो. ती म्हणाली, “क्यों? क्या किया हमने?” मी म्हटलं, “कुछ नहीं किया. फिर भी जा.” तिने बॅग भरली. फ्रिजवरचा आमचा दोघींचा फोटो मी काढला. तिची साबणाची वडी, तिचं तेल, तिचा टूथब्रश दुसऱ्या बाथरूममध्ये नेऊन ठेवला. ती हे सगळं दारात उभी राहून बघत होती. तिने एकदाच म्हटलं, “मेरी चप्पल भी छुपा दे.” उम्म अल कुवैनला तिचा चुलतभाऊ बायकामुलांसह राहतो. ती गेली आणि मी घरभर फिरून आणखी काय लपवायचं ते शोधत राहिले. लपवण्यासारखं फारसं काही नव्हतं. दोन बायकांच्या घरात काय असणार? पण मला प्रत्येक वस्तू ओरडून सांगतेय असं वाटत होतं.

सोमवारी मी मुलांना सांगितलं की कुंड्यांना औषध मारलंय, काही दिवस तिकडे फिरकू नका. तो डबा घेऊन येणारा मुलगा लॅबच्या दारात थांबला. “मॅम, आर वी इन ट्रबल?” मी नाही म्हटलं. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तो मुकाट निघून गेला. त्या दिवसापासून ती सगळी कँटीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मंगळवारी ते आले. रिसेप्शनवरून फोन आला तेव्हा मी दाराकडे बघितलं. मी ऑफिसचं दार नेहमी अर्धवट उघडं ठेवते, तुम्ही ठेवायचात तसं. ठेंगणे, रुंद, पन्नाशी उलटलेले. इस्त्रीचा शर्ट, डाव्या हाताच्या दोन बोटांवर भाजल्याच्या जुन्या खुणा. त्यांनी दारावरचं माझं नाव वाचलं आणि म्हणाले, “मराठी ना तुम्ही? बरं झालं. मला हे इंग्रजीत बोलता आलं नसतं.” मग म्हणाले, “दार लावू का?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? दार लागल्यावर माझ्या कानात नुसता एसीचा आवाज राहिला.

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. फोटो उघडलेला. मागे माझ्या कुंड्या स्वच्छ दिसत होत्या, हिरवी जाळी, पिवळी बादली. “ही माझी मुलगी,” ते म्हणाले. “ही दुसरी कोण?”

“क्लबात येते ती.”

“नाव काय?”

“नाव मी सांगणार नाही.”

“तिच्या घरच्यांना ठाऊक आहे?”

“मला माहीत नाही. आणि तुम्ही त्यांच्याकडे जाऊ नका. त्या मुलीचं काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

 मग त्यांनी फोन उलटा करून ठेवला, म्हणजे फोटो दिसेना. “मी तक्रार करायला आलोय असं वाटतंय तुम्हाला,” ते म्हणाले. “तक्रार केली तर पहिली कोण जाईल, मॅडम? माझीच पोरगी ना? दोन दिवस मी झोपलो नाही. दुसरं कुणीतरी तक्रार करेल म्हणून. माझ्या वर्कशॉपमध्ये तीस माणसं आहेत, सगळ्यांकडे फोन आहे. ज्याने दाखवला तो माझ्या सख्ख्या भावाचा पोरगा. त्याचं तिकीट काढलं. काल संध्याकाळच्या विमानाने गावाला पाठवला. बायको म्हणाली, पोरीला पाठवा. मी म्हटलं, नाही, त्याला.” त्यांनी कपाळ पुसलं. “आता तो गावात बोलेल. बोलू दे. गाव लांब आहे. इथे बोलला असता तर पोलीस आले असते.”

 मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी घेतला नाही.

“ती आजारी आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“डॉक्टर वगैरे काही?”

“तिला काही झालेलं नाही. ती घाबरलेली आहे, एवढंच. तुम्हाला.”

“मी ओरडलो तिच्यावर. हात नाही उचलला. पण ओरडलो, नको ते बोललो.” मग त्यांनी मान वर केली आणि नीट माझ्याकडे बघितलं. “तुमचं लग्न झालंय, मॅडम?”

बाई, तुमचं ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. हे विचारायचं नसतं. तुमच्यासारखं ठामपणे म्हणायचं होतं. मला ते म्हणवलं नाही. समोरचा माणूस धीटपणा करायला विचारत नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं की अशा माणसाचं पुढे काय होतं, ते म्हातारं होतं का, जेवतं का. मी म्हटलं, “नाही.”

“एकट्याच राहता?”

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. माझी मैत्रीण दोन दिवसांपूर्वी त्याचसाठी घरातून गेली होती.  मी म्हटलं, “नाही. मैत्रीण असते माझ्याबरोबर. बरीच वर्षं.”

 बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं, काचा वाजल्या. मला वाटलं आता ते उठतील आणि सरळ वरच्या मजल्यावर, डीनकडे जातील. ते म्हणाले, “बरं आहे. परक्या मुलखात माणसाने एकटं राहू नये.”

मग ज्याच्यासाठी ते आले होते ते त्यांनी सांगितलं. पोरगी खोलीचं दार लावून बसली होती. तिला वाटत होतं बापाने तिचा पासपोर्ट उचलला आणि आता तिला गावाला नेऊन कुणाशीही निकाह लावणार. “मी उचलला नाही,” ते म्हणाले. “तिच्याच कपाटात आहे, वरच्या कप्प्यात. तिने उघडून बघितलंच नाही. मी दाराबाहेरून सांगितलं तर तिला खोटं वाटतं. तिचा फोन मी घेतला होता, तो आज सकाळी तिच्या आईने दाराखालून आत सरकवलाय. पण आमचा फोन ती उचलत नाही. तुम्ही सांगा. तुमचं ऐकेल.”

मी माझ्या फोनवरून नंबर लावला. ती लगेच उचलेल असं वाटलं नव्हतं, पण तिने उचलला. “मॅम?” तिचा आवाज इतका बारीक होता की मी फोन कानावर दाबून धरला. मी म्हटलं, “कपाट उघड. वरचा कप्पा.” पलीकडे कपाटाचं दार वाजलं, मग रडणं. मी फोन स्पीकरवर टाकला. वडील खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. ती रडत होती आणि ते तिथूनच, वाळूकडे बघत, मोठ्याने म्हणाले, “जेवून घे. आईने सुकट केलीय.” आणि मग, “ऐकतेस का? दार उघड आणि जेवून घे.”

“अब्बा?” ती म्हणाली. “आर यू अँग्री?”

“आहे,” ते म्हणाले. “जेव आधी.”

हे सगळं गोड झालं असं समजू नका, बाई. जाताना त्यांनी मला अटी सांगितल्या. पोरगी डिग्री पूर्ण करेल. हॉस्टेल बंद, दुबईत एका नातेवाइकाकडे राहील, दर शुक्रवारी मुसफ्फाला घरी. तुमच्या झाडांकडे येणार नाही. त्या दुसऱ्या मुलीशी बोलणार नाही. डिग्री झाली की ते तिला बाहेर पाठवतील, कॅनडा, इंग्लंड, जिथे जमेल तिथे. “जिथे तिला कुणी पकडणार नाही,” ते म्हणाले, “आणि मला कुणी विचारणार नाही.” दोन्ही एकाच श्वासात म्हणाले. मला त्यातलं एक आवडलं आणि एक लागलं, आणि दोन्ही वेगळं करता येईना. दारापाशी ते थांबले. “तुमच्या त्या मैत्रिणीला सांभाळा,” म्हणाले. “आणि फोटो काढू देऊ नका कुणाला.” तो पाण्याचा ग्लास तसाच भरलेला राहिला.

दोन आठवड्यांनी इमारतीची देखभाल बघणाऱ्या फॅसिलिटीजवाल्यांची ईमेल आली की चिलरचं काम निघालंय, मागची जागा रिकामी करा. कुणी तक्रार केली होती की खरंच काम होतं, मला अजून ठाऊक नाही. चिलरचं काम झालं खरं, पण तसं ते दर वर्षी होतं आणि दर वर्षी कुंड्या हलवाव्या लागत नाहीत. मी कुणाला विचारलं नाही. मुलं एकेकटी आली आणि एकेक कुंडी घेऊन गेली. फोटोतली दुसरी मुलगी सर्वांत शेवटी आली. मी म्हटलं, “कढीपत्ता ने, तो तगतो.” ती कुंडी छातीशी धरून गेली. त्यानंतर ती कुणाशीच फार बोलत नाही असं ऐकते. तिच्या घरी काही कळलं की नाही, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. तिची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. बाकीची आता लॅबमध्ये येतात, एक-एक करून, चंचुपात्र परत करायला, शंका विचारायला. शंका अगदी सोप्या असतात. मी त्या सावकाश सोडवून देते. रत्नागिरीची मुलगी कॉरिडॉरमध्ये भेटते तेव्हा “हाय मॅम” म्हणून चालू लागते. तिला थांबायची परवानगी नाही आणि ती बापाचा शब्द पाळते.

माझी मैत्रीण तीन आठवडे आली नाही. एका शनिवारी मी तिला भेटायला उम्म अल कुवैनला गेले. खाडीच्या कडेला आम्ही बसलो, समोर उथळ पाण्यात पांढरे पक्षी उभे होते. मी तिला सगळं सांगितलं, त्या गृहस्थांना मी काय बोलले तेही. ती घाबरेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “उसको बोल दिया, और मेरा फोटो फ्रिज से निकाल दिया?” मग तिने विचारलं, “कितने साल डरेगी तू?” मी म्हटलं, “जब तक यहाँ हैं.” “तो फिर यहाँ से चलते हैं,” ती म्हणाली. कुठे जायचं ते तिलाही माहीत नव्हतं. केरळला तिचं घर नाही, मिरजेला माझं नाही. आम्ही सूर्य खाली जाईपर्यंत बसलो आणि मग तिने भावाच्या घरून बॅग आणली आणि माझ्या गाडीत ठेवली. आता ती घरी आहे. कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली की मी अजून दचकते. अनोळखी नंबर दिसला की फोन उचलत नाही. वजन कमी झालंय. डॉक्टरने थायरॉइड तपासलं, ते ठीक आहे.

बाई, हे मी हाताने लिहिते आहे, कारण फोनवर लिहायची हिंमत नाही. तुमचा पत्ता कुठे असणार, आणि हे कागद घरात ठेवण्यासारखेही नाहीत. लिहून झालं की लॅबच्या मोठ्या सिंकमध्ये भिजत घालेन, शाई निघून गेली की कचऱ्यात. तरी एक गोष्ट राहिली आहे, ती तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. त्या दिवशी ते खिडकीशी पाठ करून उभे होते आणि पोरीला जेव जेव म्हणून ओरडत होते, तेव्हा मी घाबरलेली होते, मला त्या मुलीसाठी बरं वाटत होतं, ते सगळं खरं. पण त्याच्या खाली आणखी एक होतं. माझ्या बाबांना माझ्याबद्दल कधी काही कळलं नाही, किंवा कळलं असेल तर ते शेवटपर्यंत मला फक्त हवापाण्याबद्दलच विचारत राहिले. ते माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत. त्या मुलीचा मला हेवा वाटला.